दोन डिस्क, एकच दरवाजा



वसंतातील या व्याख्यानांत आपण साहित्य, इतिहास, समाजकारण अशा विषयांवर विद्वानांची भाषणे ऐकत आला आहात. त्याच व्यासपीठावरून एका कामगार कार्यकर्त्याने कॉम्प्युटरविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. माझे शाळेतील शिक्षण दहावीच्या पुढे गेले नाही. खाणीवर ठेकेदाराकडे लागलो तेव्हा हातात फावडे होते. संघटनेच्या कामात पडलो तेव्हा हातात कागद आले. आणि कागदांचे ढीग वाढले तेव्हा कॉम्प्युटर आला. जे काही शिकलो ते पुस्तके वाचून, आपल्या मुलांच्या वयाच्या पोरांना विचारून, आणि मुख्यतः चुका करून. त्यातलीच एक चूक आज आपल्यापुढे मांडणार आहे. ती पुन्हा कोणाच्या कचेरीत होऊ नये एवढाच माझा हेतू आहे.

आमच्या संघटनेच्या चंद्रपूरच्या कचेरीत एक लहानसा सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे काही अजब वस्तू नव्हे. रात्रंदिवस चालू राहून इतर टेबलांवरच्या कॉम्प्युटरांना कागदपत्रे पुरवणारा तोही एक कॉम्प्युटरच. त्यावर लिनक्स ही प्रणाली चालते. फिनलंडमधील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ती सुरू केली आणि जगभरच्या माणसांनी मिळून वाढवली. तिला परवान्याचे पैसे पडत नाहीत, म्हणून आमच्यासारख्या वर्गणीवर चालणाऱ्या संघटनेला ती परवडते.

त्या सर्व्हरमध्ये काय आहे? ठेकेदारी कामगारांच्या हजेरीपत्रकांची छायाचित्रे, पगाराच्या चिठ्ठ्या, भविष्य निर्वाह निधीचे क्रमांक, ओळखपत्रे. आपल्या भागात कोळसा, सिमेंट, कागद, वीज असे मोठे उद्योग आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी ठेकेदार बदलतो पण कामगार तोच राहतो. जुना ठेकेदार गेला की त्याचे रजिस्टरही त्याच्याबरोबर जाते. १९७२ च्या ग्रॅच्युइटीच्या कायद्याने सलग नोकरीचे वर्ष मोजण्यासाठी २४० दिवसांचा, आणि जमिनीखाली खाणीत काम करणाऱ्यासाठी १९० दिवसांचा हिशेब घालून दिला. हे दिवस मोजावयाचे कशावरून? हजेरीवरून. ज्याच्याजवळ हजेरीचा कागद नाही त्याची वीस वर्षांची मेहनत कायद्याच्या दृष्टीने वाऱ्यावर. म्हणून हे कागद हीच आमच्या सभासदांची इस्टेट.

ही इस्टेट एका डिस्कवर ठेवणे धोक्याचे, हे आम्हांला कळत होते. हार्ड डिस्क हे यंत्र आहे, आणि यंत्र आज ना उद्या बंद पडते. त्यातून चंद्रपूरचा उन्हाळा! म्हणून आम्ही दोन डिस्क घेतल्या आणि एकीचे प्रतिबिंब दुसरीवर पडेल अशी व्यवस्था करून घेतली. इंग्रजीत तिला मिररिंग म्हणतात. एका डिस्कवर जे अक्षर लिहिले जाते तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिले जाते. एक गेली तरी दुसरीवर सर्व काही जसेच्या तसे राहते. १९८८ साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी स्वस्त डिस्कांच्या अशा जुळण्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यांना रेड हे नाव दिले. त्यांच्या वर्गवारीत मिररिंग ही पहिली पायरी आहे. लिनक्समध्ये हे काम प्रणाली स्वतःच करते. त्यासाठी वेगळे कार्ड विकत घ्यावे लागत नाही. आम्ही निश्चिंत झालो. निश्चिंत झालो, हीच चूक.

एका मे महिन्यात पहिली डिस्क मेली. सर्व्हर चालूच राहिला, कारण दुसरी डिस्क काम करीत होती. मिररिंगचा हा गुण आहे, आणि एका अर्थी दोषही आहे. माणूस लंगडू लागला तर दिसते. हा सर्व्हर एका पायावर चालत होता आणि कोणालाही ते दिसले नाही. दहा-बारा दिवसांनी संध्याकाळी वादळ झाले, वीज गेली, इन्व्हर्टरही थकला. वीज परत आली तेव्हा सर्व्हर उठला नाही. काळ्या पडद्यावर एकच ओळ, सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही अशा अर्थाची.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सफाईचे काम करणाऱ्या बायकांच्या दाव्याची सुनावणी होती. कागद मांडता आले नाहीत. पुढची तारीख मिळाली. सिंदेवाहीकडून एक बाई पहाटेच्या एस. टी.ने, एका दिवसाची मजुरी बुडवून आली होती. तिने मला विचारले, “कागद हरवले का, भाऊ?” मी म्हणालो, “नाही ताई, हरवले नाहीत. आत आहेत, पण दार उघडत नाही.” तिने काही उत्तर दिले नाही. ती परतीच्या गाडीला निघून गेली. तिच्या त्या न बोलण्याने मला या विषयाचा अभ्यास करावयास लावले.

तिसऱ्या दिवशी आमच्या एका सभासदाची इंजिनिअरिंग शिकणारी मुलगी आली. तिने पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले, उरलेली डिस्क उघडली, आणि एकूण एक कागद जागेवर असल्याचे दाखवले. मग यंत्र सुरू का झाले नाही? ज्या कारागिराने सर्व्हर उभारला त्याने सुरू होण्याची सामग्री फक्त पहिल्या डिस्कवर ठेवली होती. मी त्याला दोष देत नाही. मी स्वतः “दोन डिस्क आहेत ना?” एवढेच विचारले होते. “दोन्हींवरून सुरू होतो ना?” हे विचारले नव्हते.

भामरागडकडच्या मंडळींना हे वेगळे समजावून सांगावयास नको. पर्लकोटा नदीला पूर येऊन पूल पाण्याखाली गेला की गावातली घरे, दुकाने, दवाखाना सर्व जागच्या जागी असते, पण तेथे पोचता येत नाही. असा अनुभव त्या गावाने वर्षानुवर्षे घेतला आहे.

आता यंत्र सुरू कसे होते ते पाहू. सुरू होण्याला बूट होणे म्हणतात. इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे, आपल्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्याचा. त्यावरून हा शब्द आला. कॉम्प्युटरची अडचण तीच असते. डिस्क वाचण्यासाठी प्रणाली हवी, आणि प्रणाली तर डिस्कवरच निजलेली! म्हणून हे काम पायरीपायरीने होते. वीज आली की प्रथम मदरबोर्डावरच्या चिपमधील छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. हा जणू रात्रीचा चौकीदार. त्याला फार शिक्षण नसते. ठरलेल्या जागी ठेवलेली किल्ली उचलणे एवढेच त्याला येते. ती किल्ली म्हणजे बूट लोडर. लिनक्सवर बहुधा ग्रब नावाचा असतो. ग्रब बूट विभागातून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि त्याच्याबरोबरची शिदोरी स्मृतीत आणतो. कर्नल उभा राहिला की तो दोन्ही डिस्क ओळखतो, त्यांची जोडी जुळवतो, आणि मग कचेरीचे दार उघडते.

यातील मर्म लक्षात घ्यावे. मिररिंगची जोडी ही लिनक्सची समजूत आहे; चौकीदाराला ती ठाऊकच नसते. त्याला दोन सुट्या डिस्क दिसतात, आणि त्यातल्या एकीवर किल्ली आहे की नाही एवढेच तो पाहतो. मिररिंग सुरू होते शेवटच्या पायरीवर, आणि आमचा घात झाला पहिल्या पायरीवर.

आम्ही खाणीतली माणसे. आम्हांला हा धडा एका जुन्या दुर्घटनेने कधीच देऊन ठेवला होता. इंग्लंडमध्ये नॉर्थम्बरलँड परगण्यात हार्टली नावाची कोळशाची खाण होती. तिला वर-खाली करावयास एकच शाफ्ट, म्हणजे एकच उभी विहीर होती. १६ जानेवारी १८६२ रोजी पाणी उपसणाऱ्या इंजिनाची प्रचंड बिडाची तुळई मोडून त्या शाफ्टमध्ये कोसळली आणि वाट बुजली. आतली बहुतेक माणसे त्या क्षणी जिवंत होती, धडधाकट होती. परंतु बाहेर येण्यास दुसरी वाट नव्हती. वरून वाट मोकळी करण्याची दिवसरात्र खटपट चालली असता आत विषारी वायूने माणसे गेली. त्या दुर्घटनेत २०४ पुरुष आणि मुलगे मेले. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून खाणीला दोन शाफ्ट सक्तीचे केले. आपल्याकडेही १९५७ च्या आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या कोळसा खाण विनियमांत दोन स्वतंत्र वाटांचे तत्त्व आहे. भूमिगत खाणीत उतरणाऱ्या कोणालाही विचारा, दुसरी वाट कुठे आहे हे त्याला ठाऊक असते. माणसांच्या जिवाची आणि कागदांची बरोबरी मी करीत नाही. पण आत सर्व सुखरूप असणे आणि वाट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे हार्टलीने शिकवले.

आता उपाय. चौकीदार दोन जातींचे आहेत, म्हणून उपायही दोन प्रकारचे.

जुन्या यंत्रांतल्या चौकीदाराला बायॉस म्हणतात. तो डिस्कचे अगदी पहिले पान वाचतो. हे पान ५१२ बाइटचे असते. १९८३ च्या सुमारास ठरलेल्या पद्धतीप्रमाणे त्यातले ४४६ बाइट बूट लोडरसाठी, ६४ बाइट डिस्कच्या चार विभागांच्या नोंदीसाठी, आणि २ बाइट सहीसाठी. ४४६ बाइटांत काय मावणार? म्हणून ग्रबचा एक चिमुकला तुकडा तेथे बसतो आणि उरलेला भाग पहिल्या विभागाच्या आधीच्या मोकळ्या जागेत, किंवा नव्या पद्धतीच्या डिस्कवर त्यासाठी राखलेल्या छोट्या विभागात जातो. नेहमीच्या मांडणीत मिररिंग होते ते डिस्कच्या मोठ्या विभागांचे. हे पहिले पान आणि ही मोकळी जागा त्या विभागांच्या बाहेर असल्यामुळे त्यांचे प्रतिबिंब आपोआप पडत नाही. आमचे नेमके हेच झाले होते. उपाय अगदी साधा आहे. ग्रब बसवण्याची जी आज्ञा पहिल्या डिस्कला दिली, तीच दुसऱ्या डिस्कलाही द्यावी. दोन मिनिटांचे काम. कर्नल ज्या बूट विभागात असतो तो खुशाल मिररिंगमध्ये ठेवावा. आजचा ग्रब ती जोडी वाचू शकतो.

नव्या यंत्रांतला चौकीदार यूईएफआय. २००५ साली अनेक कंपन्यांनी मिळून त्याच्यासाठी एक मंडळ स्थापन केले. हा थोडा अधिक शिकलेला आहे. त्याला फाइल वाचता येते, पण फॅट नावाच्या जुन्या, साध्या मांडणीतलीच. म्हणून डिस्कवर त्याच्यासाठी फॅट मांडणीचा एक छोटा विभाग ठेवतात आणि किल्ली त्यात असते. हा विभाग एकाच डिस्कवर असेल तर पुन्हा हार्टलीच.

येथे दोन मार्ग आहेत. पहिला असा की या विभागाचेही लिनक्सकडून मिररिंग करावयाचे. त्यात एक खुबी आहे. लिनक्स जोडीतल्या प्रत्येक विभागावर आपले लेबल लिहितो. ते सुरुवातीजवळ लिहिले तर चौकीदार गोंधळतो. शेवटी लिहिले तर त्याला तो विभाग साध्या फॅटसारखाच दिसतो. म्हणून लेबल शेवटी लिहिणारा प्रकार, ज्याला १.० म्हणतात, तो निवडावा लागतो. पण यात एक धोका राहतो. फर्मवेअरने स्वतः त्या विभागात काही लिहिले तर ते एकाच डिस्कवर उमटते. दोन प्रती वेगळ्या होतात आणि लिनक्सला त्याचा पत्ता नसतो. दुसरा मार्ग असा की दोन्ही डिस्कांवर दोन स्वतंत्र विभाग ठेवावयाचे, आणि पहिल्यात बदल झाला की दुसऱ्यात त्याची नक्कल करावयाची. मी हा दुसरा मार्ग पत्करला. तो अडाणी दिसतो, पण काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते. नक्कल मात्र माणसाच्या आठवणीवर सोपवू नये. प्रत्येक सुधारणेनंतर ती आपोआप होईल अशी छोटी आज्ञावली लिहून ठेवावी.

आणखी एक गोष्ट. कोणत्या डिस्कवरची कोणती किल्ली उचलावयाची याची यादी यूईएफआय मदरबोर्डाच्या स्मृतीत ठेवतो. त्या यादीत दोन्ही डिस्कांची नावे घालावीत. मदरबोर्ड बदलला तर ही यादी पुसली जाते. म्हणून किल्लीची एक प्रत त्या विभागातील ठरावीक फोल्डरात, ठरावीक नावानेही ठेवावी. यादी नसली की चौकीदार तेथे हात घालून पाहतो.

एवढे केले तरी एक खोडी उरते. सुरू होताना लिनक्स कोणकोणते विभाग जोडावयाचे याची एक तालिका वाचतो. त्यात पहिल्या डिस्कवरच्या त्या छोट्या विभागाचे नाव सक्तीचे म्हणून लिहिलेले असते. ती डिस्क मेली की किल्ली दुसरीवरून मिळते, कर्नल उभा राहतो, आणि मग तालिकेतले ते नाव शोधत दीड मिनिट थांबून दुरुस्तीच्या पडद्यावर अडून बसतो! म्हणजे घरात शिरलो आणि पायपोस सापडत नाही म्हणून उंबऱ्यावरच बसलो. यावर उपाय असा की त्या नावापुढे ‘नोफेल’ हा शेरा लिहावा. त्याचा अर्थ, सापडले तर जोड, न सापडले तर पुढे चल.

काही जण म्हणतील, एवढी यातायात कशाला? मिररिंग करणारे कार्डच विकत घ्यावे. चांगले कार्ड चौकीदाराला दोन डिस्क एकच असल्यासारख्या दाखवते, त्यामुळे ही अडचण येत नाही, हे खरे. पण मग ते कार्डच एकमेव दरवाजा होते. ते जळाले तर पुष्कळदा तसेच कार्ड शोधावे लागते. आपल्या चंद्रपूरला दोन रेल्वे स्टेशने आहेत. एक वर्धा-बल्लारशाह मार्गावर, दुसरे चांदा फोर्ट, गोंदिया-बल्लारशाह मार्गावर. मार्ग दोन, पण दोन्ही बल्लारशाहला मिळतात. तेथेच खोळंबा झाला तर दक्षिणेकडे जाणाऱ्याला दोन स्टेशनांचा काय उपयोग? तेव्हा कोणतीही दुहेरी व्यवस्था पाहताना विचारावे, यातले बल्लारशाह कोठे आहे?

आता सर्वांत महत्त्वाचे. खाणीतली दुसरी वाट कागदावर असून भागत नाही. ती चालून पाहावी लागते. सर्व्हरचेही तसेच. प्रथम सर्व कागदांची वेगळी प्रत काढावी. मग यंत्र बंद करून पहिली डिस्क काढावी आणि दुसरीवर सुरू होते का ते पाहावे. झाले, तर यंत्र बंद करून पहिली परत बसवावी, जोडीत सामील करावी, आणि दुसरीवरून तिच्यावर पूर्ण नक्कल होईपर्यंत थांबावे. हे थांबणे फार आवश्यक आहे. घाई करून लगेच दुसरी काढली तर आज एकीवर आणि उद्या दुसरीवर असे लिखाण होऊन दोन वेगळे इतिहास तयार होतात, आणि खरा कोणता ते सांगणे कठीण. नक्कल पुरी झाली की मग दुसरी काढून पहिलीची परीक्षा घ्यावी, आणि शेवटी तिलाही तशीच परत सामील करून घ्यावे.

जोडीची प्रकृती लिनक्स एका छोट्या फाइलमध्ये सतत दाखवीत असतो. चौकटी कंसात दोन यू दिसले तर दोन्ही डिस्क ठीक. एक यू आणि एक रेघ दिसली तर एक गेली. ही खबर ई-मेलने पाठवण्याची सोयही आहे. आमच्या सर्व्हरवर ती होती, पण पत्ता कोणी भरलाच नव्हता. आता आमच्या कचेरीत दर सोमवारी जो कोणी कुलूप उघडतो तो ती फाइल पाहून वहीत सही करतो. मेलेली डिस्क बदलली की नव्या डिस्कवर कागदांची नक्कल आपोआप होते, पण किल्ली आपोआप बसत नाही. ती आठवणीने बसवावी. पुष्कळ ठिकाणी पहिल्या वेळी सर्व नीट केलेले असते आणि डिस्क बदलताना हेच राहून जाते.

मिररिंग म्हणजे जपणूक नव्हे, हेही सांगतो. चुकून पुसलेला कागद दोन्ही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसला जातो. आरशाला चूक आणि बरोबर कळत नाही. कचेरीला आग लागली तर दोन्ही जळतात. म्हणून तिसरी प्रत दुसऱ्या गावी असावी. आमची गडचिरोलीला असते.

गडचिरोलीचे नाव निघाले म्हणून सांगतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर त्या जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा बांबूचे आणि तेंदूपानाचे हिशेब स्वतः ठेवू लागल्या. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. जंगलावरचा हक्क असो की मजुरीवरचा, तो अखेर नोंदींवर उभा असतो. या नोंदी हळूहळू कॉम्प्युटरमध्ये जात आहेत, आणि त्यांचे रक्षण गरीब माणसांच्या संस्थांनाच करावे लागणार आहे.

म्हणून श्रोतेहो, आपल्यापैकी कोणाची पतपेढी असेल, शाळा असेल, वाचनालय असेल, तेथे सर्व्हर असेल, तर उद्या जाऊन एवढेच विचारा: पहिली डिस्क काढली तर हा सुरू होतो का? “होईल” असे उत्तर आले तर समाधान मानू नका. “करून दाखवा” म्हणा. संघटनेच्या कामातही मी हेच शिकलो. सर्व किल्ल्या एका माणसाच्या खिशात असतील तर तो कितीही प्रामाणिक असो, एक दिवस तो आजारी पडतो आणि कचेरी बंद राहते.

त्या सिंदेवाहीच्या ताईंचे कागद पुढच्या तारखेला मांडले गेले. पण एका तारखेचा उशीर झाला तो झालाच, आणि त्या उशिराची मजुरी त्यांनी भरली, मी नाही. हे ऋण मनात ठेवून आज बोललो.